काम लांबतं तेव्हा हजेरी कुणाची तुटते?

रात्री नऊ-साडेनऊची वेळ. घरातली जेवणं उरकलेली असतात आणि फोन वाजतो. लेकीचा पहिला प्रश्न ठरलेला, "अब्बा, कधी येणार?" तिकडून उत्तरही ठरलेलं, "स्लॅब पडला की येतो, बेटा." मागच्या महिन्यात हेच उत्तर होतं, त्याच्या मागच्या महिन्यातही हेच. सळई आली नाही, मग सिमेंट आलं नाही, मग इंजिनिअरची सही झाली नाही, मग पाऊस लागला. स्लॅब काही पडत नाही आणि अब्बाही येत नाहीत.

कोल्हापूर, कागल, हातकणंगले, शिरोळ या भागातल्या आपल्या कितीतरी घरांत हा फोन रोज होतो. वेल्डर, फॅब्रिकेटर, सेंट्रिंगवाले, गवंडी, फरशी बसवणारे, प्लंबर, पेंटर, जेसीबी-पोकलेनचे ऑपरेटर ही कामं आपल्या समाजातल्या अनेक कुटुंबांची रोजीरोटी आहेत. काम असेल तिथं जायचं. कधी पुणे, कधी रत्नागिरी, कधी बेळगाव, कधी थेट आखात. परगावी राहण्याची त्यांना सवय असते, कष्टाचीही असते. माणूस खचतो तो थांबलेल्या साईटवर. तिथं काम नसतं आणि निघताही येत नाही.

कोल्हापूरला लांबलेली कामं नवीन नाहीत. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाईपलाईन योजना घ्या. दुधगंगेवरच्या या धरणापासून पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पन्नासहून जास्त किलोमीटर जलवाहिनी टाकायची होती. २०१४ मध्ये काम सुरू झालं. काही वर्षांत संपेल असं सांगितलेलं हे काम लांबत गेलं आणि पाणी शहरात पोहोचलं ते २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर. मधल्या काळात वन खात्याच्या आणि इतर विभागांच्या परवानग्या झाल्या, २०१९ आणि २०२१ चे महापूर झाले, कोरोना झाला. जॅकवेलचं काम धरणाच्या पाण्यात होतं. पाणी उतरलं की काम करायचं आणि पावसाळ्यात धरण भरलं की थांबायचं, असं ते चालायचं.

पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाची गोष्टही अशीच. ब्रिटिशांच्या काळातल्या जुन्या पुलाला पर्यायी पूल बांधायला घेतला. बरंचसं काम झालं आणि जवळच्या ब्रह्मपुरी टेकडीमुळे ते पुरातत्त्व कायद्यात अडकलं. अर्धवट पूल नदीवर तसाच उभा राहिला. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलावरून मिनीबस नदीत कोसळली आणि १३ जणांचा जीव गेला. नवा पूल वेळेत झाला असता तर, हा प्रश्न तेव्हा सगळ्या कोल्हापूरनं विचारला. कोकणातल्या आपल्या नातेवाइकांना विचारा, ते मुंबई-गोवा महामार्गाचं नाव घेतील. २०११ मध्ये सुरू झालेलं ते काम दशक उलटलं तरी पुरं होईना.

या सगळ्या कामांबद्दल खूप लिहिलं गेलं. पाण्यासाठी थांबलेल्या शहराबद्दल, खड्ड्यांतून जाणाऱ्या प्रवाशांबद्दल, वाढलेल्या खर्चाबद्दल, श्रेयाच्या भांडणाबद्दल. ते लिहायलाच हवं होतं. पण काम थांबलं त्या दिवशी साईटवर जो माणूस उभा होता, त्याच्या त्या दिवसाचं काय झालं, हे मात्र कुठं वाचायला मिळत नाही.

म्हणून हा हिशोब आपणच मांडू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, प्रत्येकानं आपापले घालून बघावेत. समजा एका कारागिराची हजेरी ८०० रुपये आहे. महिन्यात २६ दिवस भरले तर २०,८०० रुपये होतात. खानावळ, मोबाईल, औषधपाणी, येणं-जाणं मिळून परगावी ५,००० जातात. घरी पाठवायला उरले १५,८००. आता त्याच महिन्यात साईट नऊ दिवस बंद राहिली. खाडे त्यानं केलेले नाहीत, तो तिथंच होता. तरी हजेरी भरते १७ दिवसांची, म्हणजे १३,६००. पोट मात्र बंद दिवशीही भुकेलं असतं, त्यामुळे ५,००० चा खर्च तेवढाच राहतो. उरतात ८,६००. मजुरी साधारण एक तृतीयांशानं घटली, पण घरी येणारा पैसा जवळजवळ निम्म्यावर आला. इकडे भिशीचा हप्ता, शाळेची फी, दुकानाची उधारी यांतलं काहीच निम्म्यावर येत नाही.

यातून उचल सुरू होते. ठेकेदाराकडून हजार-दोन हजार घ्यायचे आणि पुढच्या कामातून फेडायचे. तिकडे ठेकेदाराकडेही मागच्या दोन महिन्यांची मजुरी बाकी असते. "वरून बिल निघालं नाही," हे त्याचं उत्तर. आता कारागीर निघून का जात नाही, असं बाहेरच्याला वाटतं. साधं कारण आहे. निघाला तर मागचे पैसे बुडतील. पैसा अडकला की माणूस अडकतो.

मग रोजचा त्रास सुरू होतो. सकाळी उठून तयार व्हायचं, कारण काम कधी सुरू होईल सांगता येत नाही. अकरा वाजता कळतं की आज नाही. पत्र्याच्या खोलीत दुपार काढायची. दहा माणसांत एक संडास, टँकर आला तर पाणी. रिकाम्या बसण्यातून भांडणं होतात, मावा-गुटखा वाढतो, मोबाईलवर पैसे लावायचे खेळ सुरू होतात. घरी कुणी आजारी पडलं तर "दोन दिवसांत काम सुरू होतंय, आत्ता गेलास तर दुसरा माणूस बघतो," अशी धमकीवजा विनंती येते. ईदला जायचं म्हटलं तर हातात पैसा नसतो, आणि ईदला रिकाम्या हातानं घरी जायला कुठल्या बापाला आवडेल? फोनवर हे काहीच सांगितलं जात नाही. फोनवर फक्त "स्लॅब पडला की येतो."

आता दुसरी बाजू बघा. काम लांबलं की ठेकेदार कंपनी मुदतवाढ मागते आणि ती मिळते. मोठ्या सरकारी कंत्राटांत भाववाढीचं कलम असतं. सिमेंट, पोलाद, डिझेल महागलं तर वाढीव रक्कम द्यायची. त्या सूत्रात मजुरीचाही वाटा धरलेला असतो आणि महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे तो वाढतो. म्हणजे मजुरी महागली म्हणून कंपनीला वाढीव पैसे मिळू शकतात. ते हजेरीपर्यंत उतरले का, हे बघायला कुणी येत नाही. उलट दिरंगाई ठेकेदाराची ठरली तर त्याला दिवसागणिक दंड होतो. तो दंड काम देणाऱ्या खात्याकडे जमा होतो. एकाला भाववाढ, दुसऱ्याला दंडाची रक्कम. ज्याचा दिवस खरोखर बुडाला त्याच्यासाठी कागदावर रकानाच नाही.

कायदा काय म्हणतो? कारखान्यात काम नाही म्हणून कायम कामगाराला घरी बसवलं तर ठरावीक आकाराच्या कारखान्यात त्याला निम्मा पगार नुकसानभरपाई म्हणून द्यावा लागतो. पण ही ले-ऑफची तरतूद कारखाने, खाणी आणि मळे यांच्यासाठी आहे. बांधकामाच्या साईटला ती लागू नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारनं चार नव्या श्रम संहिता अमलात आणल्या, त्यातही ही उणीव तशीच राहिली. परराज्यातून आलेल्या कामगारासाठी प्रवासभत्त्यासारख्या वेगळ्या तरतुदी आहेत. पण त्या राज्याची हद्द ओलांडणाऱ्यासाठी. कागलचा माणूस जवळच्याच निपाणीला गेला तर कायद्यानं तो स्थलांतरित ठरू शकतो आणि शिरोळचा माणूस सगळा महाराष्ट्र ओलांडून गडचिरोलीला गेला तर ठरत नाही. कंत्राटी कामगारांविषयीचा भागसुद्धा ५० किंवा त्याहून जास्त कंत्राटी कामगार असतील तिथंच लागू होतो. आपली बरीच पोरं दहा-पंधराच्या टोळीत काम करतात.

तरी हाती काहीच नाही असं नाही. वेतन संहितेप्रमाणे रोजंदारीची मजुरी त्याच पाळीअखेर, आठवड्याची आठवडी सुट्टीच्या आधी आणि महिन्याची पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायची आहे. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा आहे. थकीत मजुरीसाठी तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. "वरून बिल निघालं नाही" ही सबब कायद्यात कुठंच नाही.

मग तक्रार का होत नाही? इथं थोडं आपल्याच घरात डोकवायला हवं. कामाची साखळी लांब असते. मोठी कंपनी, तिचा उपठेकेदार, त्याचा पोटठेकेदार, मग मुकादम. ज्याच्याशी आपल्या पोराचा संबंध येतो तो शेवटचा माणूस बहुतेक वेळा आपलाच असतो. गल्लीतला, जमातीतला, कधी मामू तर कधी बहिणीचा दीर. त्याच्याविरुद्ध कामगार आयुक्तांकडे अर्ज कसा करायचा? उद्या शादीत समोरासमोर बसायचं असतं. त्या मुकादमाचेही पैसे वर अडकलेले असतात, हेही खरं. पण त्याच्याकडे निदान फोन करायला वरचा माणूस असतो. हेल्परकडे तोही नसतो. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण आपल्या घरात लहान पोरालाही माहीत असते. ती पाळायची वेळ येते तेव्हा "नात्यातलाच आहे, थांबेल" म्हणून सगळ्यात शेवटी पैसे मिळतात ते नात्यातल्या माणसाला.

आखातात हीच साखळी फक्त मोठी होते. २०१६ मध्ये तेलाचे भाव पडल्यावर सौदी अरेबियात सरकारी कामांची देणी रखडली आणि सौदी ओजर या बड्या बांधकाम कंपनीचे हजारो भारतीय कामगार महिनोन्‌महिने पगाराविना कॅम्पमध्ये अडकले. त्यांच्या जेवणाची सोय भारतीय दूतावासाला बघावी लागली, परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांना तिकडे जावं लागलं. इतकी मोठी कंपनी असूनही शेवटच्या माणसाचं दुखणं तेच होतं. वरून पैसा थांबला की सगळ्यात आधी त्याचा थांबतो आणि सगळ्यात शेवटी सुटतो.

मागणी अवघड नाही. सरकारी कामाच्या निविदेत बंद दिवसाचा निर्वाह भत्ता लिहून ठेवावा. कामगार साईटवर हजर आहे आणि काम दुसऱ्या कुणामुळे बंद आहे, तर निदान निम्मी हजेरी मिळावी. ठेकेदाराला मुदतवाढ किंवा भाववाढ मंजूर करण्याआधी मागची सगळी मजुरी दिल्याचा पुरावा, तोही बँक खात्यातला, मागावा. महापालिका असो की सार्वजनिक बांधकाम खातं, हे करायला नवा कायदा लागत नाही. निविदेत एक अट वाढवली तरी पुरे.

आपल्या हातातही काही आहे. रोजची हजेरी स्वतःच्या वहीत लिहा आणि बंद दिवसही लिहा, कशामुळे बंद होतं तेही. साईटचा फलक, गेटची नोंद, मुकादमाचे मेसेज मोबाईलमध्ये जपून ठेवा. उचल घेतली तर आकडा लिहून घ्या. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करा. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवसांचं काम, एवढी मुख्य अट आहे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून मुलांच्या शिक्षणासाठी आणि अपघातात कुटुंबासाठी मदत मिळते. तो पैसा आपल्याच घामावर जमलेला आहे. आणि जमातींनी एवढं करावं. शुक्रवारी तासभर दोन शिकलेली पोरं बसवून नोंदणीचे अर्ज भरून द्यावेत. मजुरीचा वाद आला तर कोर्टाआधी दोघांना समोर बसवून हिशोब लिहून घ्यावा. नात्यातल्या माणसाला जे एकट्यानं बोलता येत नाही, ते चार माणसांत बोलता येतं.

पाईपलाईनचं पाणी आज कोल्हापुरात येतं, नव्या पुलावरून गाड्या जातात. कामं उशिरा का होईना, होतात. उशिराची किंमत कुणीतरी भरलेली असते. पुढच्या वेळी बातमीत "प्रकल्पाला मुदतवाढ" असं वाचाल तेव्हा त्या रात्रीच्या फोनची आठवण ठेवा. त्या मुदतवाढीवर एका सहीनं काम भागतं. लेकीला मात्र पुन्हा एकदा "पुढच्या महिन्यात" असं सांगावं लागतं.