श्रावण लागायच्या आत बोला

मुळशीतल्या आयाबहिणींनो, वहिनींनो, आणि बायकोच्या काळजीनं आतल्या आत कुढणाऱ्या भावांनो,

आखाड सुरू आहे. कोळवण आणि मुठा खोऱ्यात आवणीची घाई आहे. फार्महाऊसवर आखाड पार्ट्यांचे बेत ठरताहेत, ताम्हिणीच्या रस्त्याला सुट्टीच्या दिवशी गाड्या हलत नाहीत. थोड्याच दिवसांत गटारी येईल आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागेल. त्या सकाळी आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत एक वाक्य ऐकू येईल, "आजपासून बंद." घरची माणसं सुटकेचा निःश्वास टाकतील. त्या सकाळच्या आधी हे तुमच्या हातात पडावं म्हणून घाईनं लिहिते आहे.

जो उघड पितो, त्याच्याबद्दल गावाला सगळं माहीत असतं. मी बोलते आहे ते ज्याच्याबद्दल फक्त तुम्हाला संशय आहे त्याच्याबद्दल. विचारलं की "कधीतरी, पोरांबरोबर" एवढंच सांगणारा. वास आला तर खोकल्याच्या औषधाचं नाव घेणारा. आणि वाद वाढला की छाती काढून म्हणणारा, "मी श्रावण पाळतो. व्यसनी असतो तर महिनाभर राहिलो असतो का?" या प्रश्नापुढे कितीतरी बायका वर्षानुवर्षं गप्प बसल्या आहेत. बसू नका. महिनाभर थांबता येणं हा व्यसन नसल्याचा पुरावा होत नाही. श्रावण संपायची वाट तो कशी बघतो, आणि श्रावणातले पहिले चार दिवस त्याचे कसे जातात, तिकडे बघा.

कारण खरा धोका त्या चार दिवसांत आहे. रोज, वर्षानुवर्षं दारू मिळाली की मेंदू तिच्या गुंगीशी जुळवून घेतो. ती एकाएकी तुटली की काही तासांतच हात थरथरायला लागतात, दरदरून घाम येतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो. भिंतीवरून किडे चढताना दिसतात, कुणी हाका मारतंय असं वाटतं, ताप चढतो, बायकोला बायको म्हणून ओळखत नाही. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाला नाही तर यात माणूस दगावतो. प्रत्येक पिणाऱ्याला हे होत नाही. पण रोज पिणाऱ्याला, सकाळी उठल्यावर घोट लागणाऱ्याला होऊ शकतं, आणि आधी एकदा झालं असेल तर पुन्हा व्हायची भीती जास्त.

आता असं घरात घडलं आणि पिणं लपलेलं असलं, तर घरचे काय समजतील? "ते तर पीतच नाहीत, आता श्रावण आहे. अवसेच्या रात्री उशिरा आले होते, वाटेत काहीतरी लागीर झालं." मग अंगारा, मग लिंबू, मग कुठल्यातरी खोऱ्यातला भगत. जे तास दवाखान्यात जायला हवे होते ते उताऱ्यात जातात. म्हणून कळकळीनं सांगते, दारू थांबवल्यावर माणसाला फिट आली किंवा तो बरळायला लागला, तर पहिला फोन १०८ ला करा. आणि आलेल्या डॉक्टरला खरं सांगा, "रोज घेत असावेत, परवापासून बंद आहे."

"असावेत" म्हटलं तरी चालतं. डॉक्टर तुमच्याकडे पुरावा मागणार नाही.

हा धोका फक्त श्रावणापुरता नाही. मोटारसायकलवरून पडून पाय मोडला, अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं, माणूस दवाखान्यात भरती झाला की त्याची दारू आपोआप बंद होते. फॉर्म भरताना विचारतात, व्यसन आहे का? सासू शेजारी उभी असते, दीर उभा असतो, आणि बायको "नाही" सांगते. तिसऱ्या रात्री पेशंट सलाईन उपटून पळायला लागतो आणि कुणाला काही उमगत नाही. सतत पिणाऱ्याच्या शरीरात बी-वन जीवनसत्त्वाची कमतरता अनेकदा असते. ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरला माहीत असेल तर तो बी-वनचं इंजेक्शन आधी देतो, थरथर आवरायची औषधं सुरू करतो. माहीतच नसेल तर कसं देणार? अब्रू राखायला सांगितलेलं ते "नाही" जिवावर बेतू शकतं. सासूबाईंना बाहेर पाठवा, नर्सला बाजूला घ्या, पण सांगा.

संशय कसा येतो हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही रोज जगता आहात. घरात आल्याआल्या माणूस तोंड न दाखवता न्हाणीत शिरतो. बडीशेप, गुटखा, पुदिन्याची गोळी, काहीतरी तोंडात असतंच. हिशोब लागत नाही, मोबाईलवरून एकाच दुकानाला दीडशे-दोनशे रुपये जात राहतात. गोठ्यात पेंढा काढायला दिवसातून तीनदा जातो, आणि गुरं तर दोनच. एका बाईनं मला सांगितलं, भात काढायला कणगीत हात घातला तर बोटांना काच लागली. चपटी होती, अर्धी भरलेली, वर झाकणाला प्लास्टिकचा तुकडा नीट गुंडाळलेला. तिला बाटलीचा धक्का बसला नाही. त्या गुंडाळण्यातली काळजी बघून ती हादरली, कारण तशी काळजी त्यानं घरातल्या कशाचीच कधी घेतलेली तिला आठवेना. हिंजवडी-बावधनच्या फ्लॅटमध्ये कणगी नसते. तिथं बाटली लॅपटॉपच्या बॅगेत असते, गाडीच्या स्टेपनीखाली असते, किंवा व्होडका पाण्याच्या बाटलीत भरून कामाच्या टेबलावर राजरोस उभी असते. घर कुठलंही असो, लपवण्याची रीत तीच. आणि कितीतरी घरांत सगळ्यात आधी मुलांना कळतं. "आईला सांगू नको हां," म्हणून हातावर दहा रुपये ठेवलेलं पोर घरात असेल तर त्याच्या डोक्यावरचं ओझं आजच उतरवा. त्याला सांगा की हे गुपित सांभाळणं त्याचं काम नाही.

आता तीन गोष्टी करू नका.

बाटल्या शोधत बसू नका. एक सापडली की दुसरी जागा तयार होते, आणि तुमचा दिवस पहाऱ्यात जातो. ओतून दिलीत तर संध्याकाळी दुसरी येते. संशय पुरेसा आहे. तेवढ्यावर मदत मागता येते.

त्याला खोलीत कोंडून दारू तोडू नका. का, ते वर सांगितलं आहे. हाताला कंप असेल, सकाळची लागत असेल, तर दारू बंद करायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. श्रावणाचा मुहूर्त चांगला आहे, तो घालवू नका, पण त्याच्या आधी दवाखाना गाठा. पौडला ग्रामीण रुग्णालय आहे, तिथून पुढे औंधचं जिल्हा रुग्णालय, ससूनचा मनोविकार विभाग. किती वर्षं घेतात, दिवसाला किती, शेवटची कधी घेतली, एवढी माहिती बरोबर न्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात घातक आहे. "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतींवर आणि मोबाईलवर दिसतात. भाजीत, चहात मिसळायची पावडर. यातल्या पुड्यांत काय असतं ते कुणी सांगत नाही. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे, गेल्या शतकाच्या चाळीशीत डेन्मार्कमध्ये त्याचा हा उपयोग लक्षात आला. ते घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. म्हणून ते पेशंटला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनं आणि तपासण्या करूनच देतात. नकळत दिलेल्या माणसाला आपण पिऊ नये हेच ठाऊक नसतं. तो आखाड पार्टीला जाईल, पिईल आणि कोसळेल. आणि ते जेवण तुम्ही वाढलेलं असेल. मायेपोटीसुद्धा हे करू नका.

एक गोष्ट आपल्या बायकांनी महाराष्ट्रात लढून मिळवली आहे. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दारूचं दुकान बंद करावं लागतं. मला त्या बायकांचा अभिमान आहे. पण दुकानापुढे घोषणा देताना ज्यांचा आवाज घुमतो, त्यातल्याच काही जणी घरच्या माळ्यावरच्या बाटलीबद्दल सख्ख्या बहिणीशीही बोलत नाहीत. जमीन विकून पैसा आला, बंगला झाला, दारात गाडी आली, आता लोक काय म्हणतील? लोकांना बहुतेक वेळा आधीच माहीत असतं. आणि तुम्ही एकट्या नाही. २०१९ साली केंद्र सरकारनं एम्सच्या मदतीनं केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले लोक देशात ५ कोटी ७० लाख निघाले. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता. उरलेले ३७ कुठे आहेत? घरांत आहेत, कुणीतरी झाकून ठेवलेले.

ज्या भावांना बायकोबद्दल संशय आहे त्यांचं दुखणं तर आणखी मुकं असतं. बाई पिते म्हटलं की गाव तिला माणसात ठेवत नाही, म्हणून तिचं लपवणं दुप्पट. तिला माहेरी पाठवून प्रश्न सुटत नाही. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग चालवला आहे, तिथं बोला.

मुक्तांगणबद्दल थोडं. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला ते सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अनिताबाई १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर हे काम पुढे नेते आहे. मला तिथली सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे पिणाऱ्याच्या बायकोकडे तिथं पेशंटची सोबतीण एवढंच म्हणून बघत नाहीत. तिच्यासाठी सहचरी नावाचा गट आहे, तिथं ती स्वतःचं दुःख मांडते. अमेरिकेतही अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या पाठोपाठ १९५१ मध्ये अशाच बायकांनी अल-अनॉन सुरू केलं. नवरा तयार नसला तरी तुम्ही मुक्तांगणला जाऊ शकता. आधी तुम्ही जा. कितीतरी घरांत उपचाराचं पहिलं पाऊल संशय आलेल्या माणसानंच टाकलेलं असतं.

केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेणारी, कोंडून मारहाण करणारी केंद्रं आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारूच्या व्यसनातून आलेला मनोविकार आजार मानला आहे आणि पेशंटला हक्क दिले आहेत. नोंदणी आहे का, डॉक्टर कोण, भेटू देतात का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

आणि त्याच्याशी बोलायचं कधी? तो प्यायलेला असताना कधीच नाही. सकाळी, मुलं शाळेत गेल्यावर. "तुम्ही पिता" असं म्हणून सुरू केलंत की भांडण. "परवा तुमचे हात थरथरत होते, कप सांडला, मला भीती वाटली. माझ्याबरोबर पौडला डॉक्टरकडे चला," एवढंच. तो नाही म्हणेल. चार दिवसांनी पुन्हा सांगा. हात उगारत असेल तर मात्र हे बोलणं बाजूला ठेवा, मुलांना घेऊन बाहेर पडा आणि ११२ ला फोन लावा. मार खाणं हा उपचाराचा भाग नाही. आणि त्याचं पिणं ही तुमची चूक नाही, तुमच्या स्वयंपाकाची नाही, तुमच्या बोलण्याची नाही.

व्यसनासाठी सरकारची मोफत हेल्पलाईन १४४४६. मनावरच्या ताणासाठी टेलि-मानस १४४१६, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. आशाताईंनो, अंगणवाडी सेविकांनो, बचत गटाच्या अध्यक्षांनो, हे दोन आकडे आणि १०८ तुमच्या वस्तीवरच्या प्रत्येक घरात गटारीच्या आत पोहोचवा. आणि ज्या बहिणीला हे वाचताना आपलंच घर आठवलं, तिनं आज दुपारी, घरात कुणी नसताना, एक फोन करावा.