१९९० सालचं जहाज

परवा शेजारच्या काकू विचारत आल्या, “मुंबईहून गोव्याला जाणारं ते ‘एम्प्रेस’ जहाज १९९० सालचं आहे म्हणे. जावं का रे?” जावंच, काकू! फ्रान्समधल्या सां-नाझेरला बांधलेलं हे जहाज २११ मीटर लांब, तर नवं ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर. गुडघे दुखणाऱ्याला चालण्यातला हा फरक पहिल्या जेवणालाच कळतो. खोल्या लहान, बाल्कनीच्या तर मोजक्याच, त्यामुळे खोलीतच ऐसपैस पसरणाऱ्यांनी इथे पैसे घालू नयेत. पण ज्याला पहाटे कठड्याला रेलून समुद्र उजळताना बघायचाय, त्याला जहाजाचं वय आड येत नाही. मळमळीची भीती असेल तर खालच्या मजल्यावरची, मधोमधची खोली मागावी, तिथे हेलकावे सर्वांत कमी. काकूंनी तशीच घेतलीय. आलेपाकाच्या वड्या माझ्याकडून.