तिकीट स्वस्त, पिशवी महाग

भंडारा जिल्ह्याची ओळख धान, तलाव आणि पितळेची भांडी यांनी होते. येथील घरातून दूरच्या गावी निघालेल्या माणसाच्या सामानातही हीच ओळख उतरलेली असते. नव्या हंगामाच्या तांदळाची पिशवी, लोणच्याची बरणी, कधी लेकीच्या संसारासाठी दिलेले पितळेचे एखादे भांडे. पूर्वी हे सारे वरठी येथील भंडारा रोड स्थानकावर गाडीत चढत असे आणि त्याचे वजन क्वचितच कोणी विचारत असे. आज शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे गेलेल्या मुलांकडे जाणारे आईवडील नागपूरहून विमानानेही जाऊ लागले आहेत. विमानतळाच्या काउंटरवर मात्र तीच तांदळाची पिशवी काट्यावर चढते आणि अनेकांना पहिल्यांदाच कळते की, तिकिटाचे पैसे म्हणजे प्रवासाचे सगळे पैसे नव्हेत.

हा प्रश्न केवळ काही शे रुपयांचा नाही. जे वरचेवर विमानाने फिरतात त्यांना हे नियम सवयीने ठाऊक असतात. आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या कुटुंबाला ते ठाऊक नसतात आणि नेमका त्याच कुटुंबाचा खिसा सर्वांत आधी रिकामा होतो. म्हणून या आकारणीमागील हिशोब वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्या देशात स्वस्त विमानसेवेचा आरंभ २००३ साली झाला. कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनचे पहिले विमान त्या वर्षी हुबळी आणि बंगळूर यांच्या दरम्यान उडाले. पाठोपाठ २००५ साली स्पाइसजेट आणि २००६ साली इंडिगो या कंपन्या आल्या. या सेवेचे तत्त्व साधे होते. जेवण, वर्तमानपत्र, ऐसपैस आसन असे जे जे वगळता येईल ते वगळावे आणि केवळ प्रवास तेवढा कमी दरात विकावा. पुढे जगभर याच तत्त्वाचा विस्तार झाला. युरोपातील रायनएअरने २००६ साली विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानासाठी वेगळे पैसे घेण्यास प्रारंभ केला. २००८ साली अमेरिकन एअरलाइन्ससारख्या जुन्या आणि मोठ्या कंपनीनेही पहिल्या बॅगेवर १५ डॉलर आकारले. जे वगळायचे होते तेच वेगळे विकण्याचा धंदा उभा राहिला.

भारतात या पद्धतीला २०१३ साली अधिकृत मार्ग मिळाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, त्या वर्षी काही सेवा तिकिटापासून वेगळ्या करून त्यांचे स्वतंत्र शुल्क घेण्यास कंपन्यांना मुभा दिली. पसंतीचे आसन, खाद्यपेये, विश्रांतिकक्ष, चेक-इन सामान, खेळाचे साहित्य, वाद्ये आणि मौल्यवान वस्तूंची विशेष नोंद, असे या सेवांचे स्वरूप आहे. पिण्याचे पाणी मात्र त्यातून वगळलेले आहे. त्याच सुमारास अनेक कंपन्यांनी २० किलो मोफत सामानाची मर्यादा १५ किलोवर आणली. फेब्रुवारी २०२१ मध्ये आणखी एक पाऊल पुढे पडले. ज्याच्याजवळ चेक-इन सामान मुळीच नाही अशा प्रवाशासाठी कमी दराचे तिकीट विकण्याची परवानगी कंपन्यांना मिळाली. अशा तिकिटावर प्रवास करणारा बॅग घेऊन काउंटरवर आला, तर त्या बॅगेचे शुल्क त्याला तेथे भरावे लागते.

कंपन्यांचा युक्तिवाद आपण प्रामाणिकपणे ऐकून घेतला पाहिजे. विमानातील प्रत्येक किलो इंधन खातो आणि इंधन हा त्यांच्या खर्चातील मोठा भाग आहे. एका लहान पिशवीनिशी प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या तीन बॅगांचा भार का सोसावा, हा प्रश्न गैरलागू नाही. जो जितके वापरील त्याने तितके द्यावे, हे तत्त्व न्याय्यच वाटते.

तरीही येथे एक मेख आहे. महासंचालनालयाचे नियम सांगतात की, या सेवा प्रवाशाने स्वेच्छेने निवडायच्या आहेत; त्या त्याच्यावर लादता येत नाहीत. परंतु आपल्या भागात तिकीट काढणारा बहुधा एक असतो, पैसे देणारा दुसरा आणि प्रवास करणारा तिसरा. बंगळूरचा मुलगा मोबाइलवर तिकीट काढतो किंवा गावातील सेतू केंद्रावरचा अथवा एजंटाकडचा तरुण सर्वांत स्वस्त दर पाहून बटण दाबतो. त्या दरात सामान आहे की नाही, हे साकोली वा लाखांदूरच्या घरी बसलेल्या आईला कोण सांगणार? निवड झालेली असते. पण ज्याला तिचे फळ भोगायचे आहे त्याने ती केलेली नसते. आमच्या मते या व्यवस्थेतील खरा दोष येथे आहे.

एक उदाहरण घेऊ. तिकिटावर १५ किलोची मर्यादा आहे आणि बॅग भरली २१ किलो. जादा सामानाचा दर कंपनीनुसार व काळानुसार बदलतो. तो किलोमागे ६०० रुपये आहे असे धरले, तर सहा किलोचे ३,६०० रुपये होतात. बॅगेतील सहा किलो तांदूळ ६० रुपये दराने ३६० रुपयांचा. म्हणजे तांदळापेक्षा तांदळाचे भाडे दसपट. मागे रांग वाढत असते, विमानाची वेळ जवळ येत असते. अशा वेळी एक तर पैसे भरावे लागतात, नाही तर घरचा तांदूळ विमानतळावर सोडून जावे लागते. रेल्वेच्या स्लीपर वर्गात प्रवाशाला ४० किलो सामान मोफत नेता येते. ही तुलना मनात ठेवली, तर विमानाचे तिकीट खरोखर किती स्वस्त पडले, याचा हिशोब घरीच मांडता येईल.

या शुल्कावर मर्यादा घालण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. २०१६ साली महासंचालनालयाने १५ ते २० किलोच्या दरम्यानच्या जादा सामानासाठी किलोमागे १०० रुपयांची कमाल मर्यादा ठरवली होती. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये विमानभाडे आणि इतर आकारणीतील मनमानीविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारकडे उत्तर मागितले. मोफत सामानाची मर्यादा घटविण्याचा मुद्दाही तीत मांडलेला आहे. दर किती असावा हा वाद असा जुना आहे आणि तो लवकर मिटेल असे दिसत नाही.

मात्र काही बाबतींत प्रवाशाचा हक्क स्पष्ट झालेला आहे आणि तो माहीत असणे अगत्याचे आहे. जुलै २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने सांगितले की, काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी कंपनीने वेगळे पैसे घेऊ नयेत. त्यामुळे ज्यांना मोबाइलवर चेक-इन जमत नाही अशा वृद्धांना दंड भरण्याचे कारण नाही. एप्रिल २०२४ मध्ये महासंचालनालयाने बजावले की, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरील आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा दिली जावी. मूल दूर बसेल या धास्तीने आसनाचे पैसे मोजण्यापूर्वी हा नियम आठवावा. तसेच तिकीट परत न होणारे असले तरी ते रद्द केल्यावर त्यातील सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के प्रवाशाला परत मिळाली पाहिजेत.

हा विषय आता केवळ नागपूरपुरता राहिलेला नाही. १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग असलेल्या गोंदिया जिल्ह्यात बिरसी येथे विमानतळ आहे. मार्च २०२२ मध्ये फ्लायबिग कंपनीने तेथून इंदूर व हैदराबादसाठी सेवा सुरू केली, पण ती काही महिन्यांतच थांबली. डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगोने हैदराबादशी जोडणारी सेवा आरंभिली. घराजवळ विमान आले की, पहिल्यांदा प्रवास करणाऱ्यांची संख्या वाढणार. शासनाच्या उडान योजनेने ठराविक आसनांच्या भाड्याला मर्यादा घातली. परंतु भाडे कमी असले तरी सामानाचा काटा तोच असतो.

तेव्हा करावे काय? प्रथम, तिकीट ज्याने काढले त्याच्याकडून तिकिटाची प्रत मागून घ्यावी आणि तीवर चेक-इन सामान व हातातील सामान यांचे किलो किती लिहिले आहेत ते वाचावे. सामान्य वर्गात हातातील सामान बहुधा ७ किलोपर्यंत असते. दुसरे, दोन कंपन्यांचे दर ताडताना सामान, आसन आणि संकेतस्थळाचे सुविधा शुल्क मिळवून शेवटची रक्कम पाहावी. पहिल्या पानावरील आकडा पाहून निर्णय करू नये. तिसरे, सामान घरीच तोलावे. ज्या जिल्ह्यात धान मोजल्याशिवाय विकले जात नाही, तेथे काट्याची वाण असण्याचे कारण नाही. चौथे, वजन अधिक भरले तर जादा किलो आधीच ऑनलाइन विकत घ्यावेत. काउंटरवरील दरापेक्षा ते सामान्यतः स्वस्त पडतात. लोणचे वा तूप मोठ्या बॅगेतून काढून हातातील पिशवीत टाकू नये, कारण ते सुरक्षा तपासणीत अडू शकते. जड तांदूळ आणि पितळ यांच्यासाठी पार्सलचा मार्गही आहेच.

आपल्या धर्मग्रामांतून गोवा किंवा वेलंकनीच्या यात्रेला गटाने जाणाऱ्यांसाठी एक सूचना अधिक. सर्वांची तिकिटे एक जण काढतो, म्हणून सामानाची अट सर्वांना सांगण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. प्रत्येकाला ती लेखी द्यावी. सर्वांच्या सामानाचे वजन एकत्र धरले जाते की प्रत्येकाचे वेगळे, हे कंपनीला अगोदर विचारून ठेवावे. पैसे चुकीचे घेतले गेले असे वाटल्यास पावती जपावी आणि प्रथम कंपनीकडे, नंतर शासनाच्या एअरसेवा संकेतस्थळावर वा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

कंपन्यांनी वेगळे पैसे घ्यावेत की नाही, यावर मतभेद असू शकतात. पण जे घ्यायचे ते तिकीट विकतानाच, प्रवाशाला कळेल अशा भाषेत सांगावे, यावर मतभेद असू नये. तिकिटाच्या अटी मराठीत का मिळू नयेत, असा प्रश्न आम्ही या निमित्ताने विचारतो. तोवर हे काम घरातील शिकलेल्या मुलामुलींचे आहे. आईवडिलांचे तिकीट काढताना त्यांनी एक फोन अधिक करावा आणि विचारावे, ‘आई, सोबत काय काय आणणार आहेस?’ त्या उत्तरात तांदूळ असेल, तर तिकीट तांदळासकट काढावे.