नाव ऐकेपर्यंत मराठी

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना जागा नाकारली गेली, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला होता. व्हिडिओ फिरला, पक्ष धावून आले, माफी मागायला लावली. मराठी माणसाला महाराष्ट्रात जागा नाही म्हणजे काय, असं जो तो विचारत होता. मीही विचारत होतो, आणि राग अगदी बरोबर होता. माझा प्रश्न एवढाच आहे की हा राग माझ्या वाट्याला का येत नाही?

मी असोद्याचा. जळगावला लागून असलेलं, बहिणाबाई चौधरींच्या माहेराचं गाव. आमच्या घरी भरीत चुलीवर होतं आणि बोलणं गावच्याच बोलीत. पुण्यात एक बेडरूमचं घर शोधताना या बोलीचा मला पहिली दोन मिनिटं फार उपयोग झाला. एजंट फोनवर खूश व्हायचे. "खानदेशी का भाऊ? असोदा? अरे, बहिणाबाईंचं गाव!" भाडं बारा हजार, डिपॉझिट, एक महिन्याची दलाली, सगळं ठरायचं. मग नाव विचारलं जायचं. मी नाव सांगायचो. पलीकडे थोडी शांतता, आणि मग, "मालकांशी बोलून सांगतो."

थेरगाव, काळेवाडी, पिंपळे गुरव मिळून अकरा घरं पाहिली. दोन ठिकाणी फ्लॅट "कालच गेला" होता आणि पुढच्या आठवड्यात त्याच फ्लॅटची जाहिरात पुन्हा होती. एका ठिकाणी सांगितलं, नॉनव्हेज चालत नाही. मी म्हटलं, घरात शिजवणार नाही, करारात लिहून घ्या. त्यावर एजंट प्रामाणिकपणे म्हणाला, "भाऊ, तो प्रश्नच नाहीये." शेजारच्या खिडकीतून तेव्हा सुकट भाजल्याचा वास येत होता.

शेवटी घर मिळालं ते कोंढव्यात. खोल्या लहान, पाणी टँकरचं, भाडं चौदा हजार. नोकरी हिंजवडीत. भाड्याचे दोन हजार जास्त, पेट्रोलचे दीड हजार जास्त. अकरा महिन्यांचे झाले साडेअडतीस हजार रुपये. हा माझ्या नावावर बसलेला कर आहे. तो कुठल्याही अर्थसंकल्पात दिसत नाही, पण दरमहा न चुकता वसूल होतो.

आता नेहमीची उत्तरं पाहू.

पहिलं उत्तर, "सोसायटीचा नियम आहे." महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला भाडेकरू ठेवायला संस्थेची परवानगी लागत नाही. आधी कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांना माहिती द्यायची, बस. बिनभोगवटा शुल्कसुद्धा सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे ज्या नियमाच्या आड लपलं जातं, तो बहुतेक वेळा कुठे लिहिलेलाच नसतो.

दुसरं उत्तर, "घर माझं, मी कोणालाही देईन." इथे मात्र कायदा खरंच दुबळा आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद १५(२) दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांवरचा भेदभाव बंद करतो. भाड्याच्या घराचं नाव त्यात नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, फक्त पारशांनाच सभासद करण्याचा उपविधी वैध ठरवला. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा म्हणतो, ती जबाबदारी मालकावर टाकतो. पण करार होण्याआधीच ज्याला दारातून परत पाठवलं, त्याच्याबद्दल तो काही बोलत नाही. केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित करतो. नावावरून नाकारण्याबद्दल तोही गप्प आहे.

तिसरं उत्तर सगळ्यात गोड असतं. "तुम्हाला तुमच्या लोकांत बरं वाटेल." १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली माणसं मुंब्र्याला गेली, ती बरं वाटावं म्हणून नाही. जीव मुठीत धरून गेली. ज्याला दुसरीकडे दारं बंद आहेत तो मोहल्ल्यात राहतो, आणि मग तेच लोक विचारतात, "तुम्ही वेगळे का राहता?" आधी ढकलायचं आणि मग कोपऱ्यात का बसलास म्हणून रागवायचं, याला न्याय म्हणत नाहीत.

हे माझं एकट्याचं रडगाणंही नाही. सच्चर समितीने २००६ मध्येच घर भाड्याने मिळण्यातल्या या अडचणीची नोंद केली आणि समान संधी आयोग सुचवला. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात घर शोधणाऱ्यांच्या नावानुसार उत्तर कसं बदलतं ते तपासलं. २०१५ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात मुसलमानांसोबत दलितांचाही अनुभव आहे. आडनाव विचारणारा माणूस एकच असतो, नकार मात्र अनेकांना मिळतो.

आता थोडं घरातलं. कोंढव्यातला माझा मालक मुसलमानच आहे. दोन हजार जास्त तो घेतो, कारण त्याला ठाऊक आहे की मी कुठे जाणार नाही. आमच्याच मोहल्ल्यात तलाकशुदा बाईला खोली मिळत नाही, बिरादरी विचारली जाते, एकट्या पोराला हाकललं जातं. दुसऱ्याच्या दारातल्या अपमानावर बोलायचं आणि आपल्या दारात तोच अपमान विकायचा, हे चालणार नाही. हक मागणाऱ्याने तो द्यायलाही शिकलं पाहिजे.

आणि सरकार? स्वस्त घरांचं काय होतं ते आम्हा जळगावकरांना शिकवायला नको. गरिबांसाठी हजारो घरकुलं बांधायला निघालेल्या नगरपालिकेच्या योजनेतली थोडीच उभी राहिली, आणि २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना शिक्षा सुनावली. घरं कमी असली की मालकाची निवड वाढते. निवड वाढली की नाव आडवं येतं. म्हणून परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची मागणी आणि भेदभावाविरुद्धची मागणी या दोन वेगळ्या नाहीत.

मागणी साधी आहे. राज्याने भाडे कायद्यात एक कलम घालावं, धर्म, जात, भाषा किंवा एकटेपणा यांवरून घर नाकारणं दंडनीय. सहकार खात्याने प्रत्येक संस्थेच्या फलकावर लिहायला लावावं की भाडेकरूसाठी परवानगी लागत नाही. आणि दलालाने "अमुक लोक नकोत" अशी जाहिरात दिली तर त्याच्यावर कारवाई व्हावी. मुलुंडच्या वेळी जे रस्त्यावर उतरले, त्यांनी हे कलम विधानसभेत मांडावं. त्याचा फायदा त्या मराठी बाईंनाही होईल आणि असोद्याच्या या मराठी माणसालाही, त्याचं नाव ऐकल्यानंतरसुद्धा.