रजेचा हिशेब आणि दुधाचा

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणीही नको, असे वैद्यकशास्त्र सांगते. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली, तेव्हा हा हिशेब जुळल्यासारखा वाटला. पण बँकेत हयात घालवलेल्या माणसाची नजर प्रथम जाते ती खात्यात नसलेल्या नावांकडे. उसाच्या फडात कोयता चालवणारीला पगारी रजा नाही. खाडा पडला की मुकादम दंड लावतो. तान्हे बांधावर झोळीत रडते. तिला ‘अंगावर पाज’ असे बजावून काय उपयोग? ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे निधी घेतला जातो. त्यातून या मातांना सहा महिन्यांची मजुरी द्यावी.