ऑपरेशन सक्सेस झालं, पण दुखणं कोण विचारणार?

पालघर, डहाणू, विक्रमगड तालुक्यांतले बरेच पेशंट मोठ्या ऑपरेशनसाठी मुंबईच्या उपनगरात जातात. कुणी कांदिवलीचं शताब्दी गाठतं, कुणी विलेपार्ल्याचं कूपर. शहापूरकडची माणसं मुलुंड, घाटकोपरला उतरतात. पेशंट गावी परतला की पहिला प्रश्न ठरलेला, "ऑपरेशन सक्सेस झालं ना?" त्यानंतरच्या चार रात्री वॉर्डात कशा गेल्या, हे कुणी विचारत नाही. खरी गडबड तिथेच होते.

माझ्या वडलांचं पोटाचं ऑपरेशन उपनगरातल्या एका हॉस्पिटलात झालं. नाव घेत नाही, कारण असं कुठेही घडू शकतं. डॉक्टरांचं काम चोख होतं. पण रात्री अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर. दादा दात-ओठ खात पडून राहिले. सकाळी राउंडला मोठे डॉक्टर आले, "कसं वाटतंय बाबा?" दादा म्हणाले, "बरं हाय." दुखतंय म्हणून खोकणं टाळलं, कूस बदलली नाही, उठून चालले नाहीत. तिसऱ्या दिवशी ताप. छातीत कफ साचून इन्फेक्शन झालं होतं. पाच दिवसांचा मुक्काम बारा दिवसांवर गेला. इकडे भात कापणीला आलेला.

दुखणं सहन करणं म्हणजे मर्दुमकी नाही

पोटावर टाके असले आणि दुखणं आवरलेलं नसलं, की माणूस खोल श्वास घेत नाही. मग फुप्फुसात कफ साचतो. हालचाल बंद झाली तर पायात रक्ताची गाठ होण्याची भीती वाढते. म्हणून दुखणं कमी करणं हे लाड नाहीत, तो उपचारच आहे.

त्याची पद्धत साधी आहे. ताप, बीपी लिहितात तसं दुखणंही विचारून लिहायचं. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. नुसतं पडल्यावर नाही, खोकल्यावर किती दुखतं तेही विचारायचं. औषध दुखणं भडकायची वाट न बघता ठरल्या वेळी द्यायचं. मॉर्फिनसारख्या औषधांवर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याची बंधनं आहेत. पेशंटला ती मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. पण प्रत्येकाला तेवढं जड औषध लागतही नाही. पुष्कळदा वेळेवर दिलेल्या साध्या औषधानेही फरक पडतो.

उटी गावच्या नातवाची यादी

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची एक यादी आणली. ती तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख होते अमेरिकेतले सर्जन अतुल गवांदे. त्यांचे आजोबा विदर्भातल्या उटी गावचे शेतकरी. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ही यादी वापरून पाहिली. २००९ मध्ये निकाल छापून आला. ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले होते.

यादीत नवीन मशीन नव्हतं की नवीन औषध नव्हतं. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी थांबून एकमेकांना विचारायचं, एवढंच. ही यादी सिस्टरही वाचून घेऊ शकते, आणि तिने विचारलं की मोठ्या सर्जनलाही उत्तर द्यावं लागतं. पुढारपण म्हणतात ते हेच.

वॉर्डातही तेच हवं. सिस्टरने "आठ नंबरचं दुखणं सात आहे" असं सांगितलं, तर रात्री दोनलाही डॉक्टरने उठून यायला हवं. आणि हे सांगायला सिस्टरकडे वेळ हवा. एकटीवर सगळा वॉर्ड टाकला तर ती कुणाकुणाला विचारणार? नवीन इमारतीचं उद्घाटन करणाऱ्या नेत्यांना हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

आपल्या हातात काय?

– ऑपरेशनआधी विचारा : नंतर दुखण्यासाठी कोणतं औषध, किती वाजता?
– "बरं हाय" म्हणू नका. दहापैकी किती ते सांगा.
– खोकताना पोटावर उशी दाबून धरा. डॉक्टर सांगतील तेव्हा उठून चाला.
– किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर आधीच सांगा. मेडिकलमधून मनाने गोळी आणू नका.
– तंबाखू, मिश्री, बिडी ऑपरेशनच्या कित्येक दिवस आधीच सोडा.
– महात्मा फुले योजनेत ऑपरेशन असेल तर डिस्चार्जनंतरच्या औषधांचं आरोग्यमित्राला विचारून घ्या.

दादा आता शेतावर जातात. पण त्या रात्रीचं अजून बोलतात. म्हणतात, "कुणी विचारलं असतं, तर सांगितलं असतं."