बहिरा कोण: सैनिक की शासन?

देवळालीच्या तोफखाना विद्यालयात शिकलेला जवान पुढे वीस वर्षे तोफांच्या सान्निध्यात काढतो. निवृत्तीच्या वेळी त्यास कमी ऐकू येते, आणि वैद्यकीय मंडळ लिहिते: ‘व्याधी सेवेमुळे उद्भवलेली नाही, सेवेमुळे बळावलेलीही नाही.’ अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारण्यास एवढे एक वाक्य पुरते.

तोफेच्या आवाजाने श्रवणशक्ती बहुधा एका दिवसात जात नाही. अंतःकर्णातील संवेदी पेशी नष्ट होत जातात व पुन्हा निर्माण होत नाहीत. ऱ्हास प्रथम 4000 हर्ट्झच्या आसपास दिसतो. माणसास त्याची जाणीव होण्यास वर्षे लागतात. भरतीच्या वेळी मात्र कानाची परीक्षा होते ती सुमारे 6 मीटरवरून कुजबुजून. हा ऱ्हास त्या परीक्षेत कसा सापडावा? नोंद ठेवणे शासनाच्या हाती, नेमणुकांची कागदपत्रेही शासनाच्याच कपाटात, आणि पुरावा मागायचा तो सैनिकाकडे!

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धर्मवीर सिंह प्रकरणात सोडविला होता. 1982 च्या नियमांचा अर्थ लावताना न्यायालयाने म्हटले की, भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे मानावे. सिद्धतेचा भार त्याच्यावर नाही. आणि मंडळाने आपल्या मतामागील कारणे नोंदवावीत. तरीही पहिले अपील, दुसरे अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण ही वारी चुकत नाही. तेथे सैनिक जिंकला, तरी शासन वरच्या न्यायालयात जाऊ शकते. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी 2015 मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अशी अपिले मागे घेण्याची शिफारस केली होती.

मग हे थांबत का नाही? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला उत्तर साधे वाटते. अपील करणाऱ्या अधिकाऱ्यास कोणी जाब विचारीत नाही. अपील नको म्हणणाऱ्यास लेखापरीक्षणाची धास्ती असते. वकिलाचे शुल्क सरकारी तिजोरी भरते, विलंबाची किंमत मात्र सत्तरीतील हवालदार मोजतो.

खोटे दावेही होतात, असे सांगितले जाते. होत असतील. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियमही लागू झाले. परंतु मूळ नोंदच नसेल, तर नियम कितीही कडक केले तरी खरा व खोटा यांतील भेद कळणार कसा? भरतीच्या वेळी, सेवेत ठराविक अंतराने आणि निवृत्तीपूर्वी यंत्राने श्रवणालेख काढावा; दोन्ही प्रकारचे दावे आपोआप वेगळे होतील. आणि अपिलाचा निर्णय घेणाऱ्याने त्याखाली कारणांसह स्वाक्षरी करावी.

न्यायाधिकरणाची पीठे मुंबईप्रमाणेच चंदीगड, लखनौ, जयपूर, कोलकाता, चेन्नई, कोची येथेही आहेत. आपल्या शेजारी असा निवृत्त सैनिक असल्यास त्यास एवढेच सांगावे: वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत मागा, आणि तीत कारण लिहिले आहे की नुसताच निष्कर्ष, ते प्रथम पाहा.